वायसरच्या डब्यातल्या गोळ्या

चंद्रभानकाकांचं दुकान दर्यापूरच्या जीप स्टँडसमोर आहे. ते फवारणीचे पंप दुरुस्त करतात. आत एक टेबल, दोन स्टुलं, भिंतीला टांगलेले पंप. कीटकनाशकाचा वास पावसाळा संपला तरी दुकानातून जात नाही.

मी अमरावतीला मराठी घेऊन बी.ए. केलं. आता रोज जीपने अकोल्याला जाते, एका क्लासमध्ये शिकवते. जीप भरेपर्यंत काकांच्या दुकानात बसते. आमची ओळख चर्चमधली. मैत्री मात्र या स्टुलावर झाली.

बाहेर ड्रायव्हर ओरडायचा, "चला अकोला, अकोला, निघाली, निघाली!" मी पर्स उचलायची. काका पंपाच्या नोझलवरून डोकं वर न उचलता म्हणायचे, "बस वं खाली. ते समोरचे दोघं त्याचेच मानसं हायत. सवारी आली का उतरतात."

तसंच असायचं. जीप भरल्यासारखी दिसावी म्हणून ड्रायव्हर आपले दोन मित्र आत बसवून ठेवतो.

"तुम्ही त्याला बोलत का नाही?"

"बोललो न. मले म्हने, काका, तुमी तुमचे पंप पाहा."

काकांचं बोलणं असं. 'हो' किंवा 'नाही'. मधलं काही नाही. लहानपणी चर्चच्या पाळकांनी शिकवलं आणि ते चिकटलं, असं ते सांगायचे. गिऱ्हाईक वैतागायचं.

"काका, सकाळी देता न पंप?"

"नाही. परवा."

"थो तिकडचा तं उद्याच देतो म्हनते."

"म्हनते. देत नाही."

"मंग तुमी बी म्हना न उद्या. आमाले जरा बरं वाटते."

"बरं वाटासाठी घरी जाय. बायको म्हनन."

गिऱ्हाईक हसायचं आणि पंप ठेवून जायचं. परवा पंप तयार असायचा.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हंगामाचा सण मोठा. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, तूर उभी असते. लोक पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. ज्यांना शेत नाही ते कोंबडी, अंडी, केळ्यांची फणी आणतात. उपासना झाली की अंगणात त्या वस्तूंचा हर्रास होतो. बोली पुकारायचं काम काकांचं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळात ते होतेच, पण लोकांना ते आवडायचे हर्रासासाठी.

"ही कोंबडी पाळकसाहेबांच्या घरची," काका तिला पायांनी धरून वर करायचे. "म्हातारी हाय. अंडे देत नाही. शिजाले टाइम लागन. बोला."

पाळकांच्या बाई मागून म्हणायच्या, "अहो चंद्रभानभाऊ, अर्पण आहे ते!"

"अर्पनच हाय बाई. पन म्हातारं हाय."

अंगण हसायचं. हसता हसता बोली चढायची. म्हातारी कोंबडी तरण्या कोंबडीपेक्षा महाग जायची.

याच सणाला साक्षही होते. वर्षभरात प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, याला आम्ही साक्ष म्हणतो. काकांची साक्ष दर वर्षी असायची. ती मला पाठ होती. तिशीत त्यांना फिट यायला लागल्या. एकदा दुकानातच पडले. टेबलाचा कोपरा कपाळाला लागला. तिथली खूण अजून आहे. मंडळीने उपास धरून प्रार्थना केली. फिट थांबल्या. आजवर परत आल्या नाहीत. तेही एकही गोळी न घेता.

शेवटचं वाक्य आलं की चर्चमध्ये 'हालेलुया' घुमायचा. काका खाली बसायचे आणि रुमालाने मान पुसायचे. मला वाटायचं, त्यांना भरून येत असेल.

प्रणाली माझी मैत्रीण. तिलाही फिट येतात, दहावीपासून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. तीन वर्षं ती बरी होती. तिचे वडील शेषरावकाका बाजारात हमाली करतात आणि चर्चमध्ये ढोलकी वाजवतात. त्यांच्या ढोलकीशिवाय आमचं एक गीत पुढे सरकत नाही.

यंदा सणाच्या आधीच्या आठवड्यात प्रणाली स्टँडवर पडली. मी सोबत होते. ती बोलता बोलता थांबली आणि सरळ मागे गेली. लोक जमले. कोणी चप्पल काढून तिच्या नाकाला लावायला लागलं. मी तो हात ढकलला, तिला कुशीवर केलं. भुवईवरून रक्त येत होतं. जरा वेळाने ती शुद्धीवर आली आणि पहिलं म्हणाली, "बाबांना सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितलं. ते पंप उघडून बसले होते.

"गोळ्या चालू होत्या न तिच्या?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून बंद केल्या. शेषरावकाकांनी."

"काहून?"

"तुमच्यामुळं." मी हे कौतुकाने म्हणाले. "ते म्हणतात, चंद्रभान एका गोळीशिवाय बरा झाला, मग माझ्या पोरीचा देव काय वेगळा आहे? सणाला ती साक्ष देणार आहे."

काकांच्या हातात नोझल होतं. ते साफ करायची पिन त्यात अडकलेली होती. त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवली. एक गिऱ्हाईक आलं, काहीतरी विचारलं. काकांनी त्याला हातानेच जायला सांगितलं.

मग मला म्हणाले, "जाय. तुही जीप निघाली."

मी बाहेर आले. जीप निघाली नव्हती. अर्धी रिकामी होती.

संध्याकाळी मी अकोल्याहून परतले तेव्हा त्यांचं शटर अर्धं खाली होतं. ते बाहेर उभे होते.

"चाल माह्यासंग. शेषरावकडे जाऊ."

"मी कशाला?"

"कोनी तरी पायजे."

शेषरावकाका अंगणात खाटेवर बसून ढोलकीची दोरी ओढत होते. प्रणाली पायरीवर होती, भुवईवर पट्टी लावून. तिची आई आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

काका बसले नाहीत. त्यांनी खिशातून एक पत्र्याचा गोल डबा काढला. दुकानात पंपाचे वायसर ठेवतात तो. मी तो रोज टेबलावर पाहिलेला. त्यांनी झाकण काढलं, वरचे रबरी वायसर तळहातावर घेतले. खाली गोळ्यांचं पाकीट होतं.

"शेषराव, म्या गोळी घेतो," काका म्हणाले. "रोज. सकाळी एक, संध्याकाळी एक. पहिल्या दिवसापासून घेतो. कधी बंद केली नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते नेहमीसारखंच होतं. पंप परवा मिळेल, असं सांगताना असतं तसं.

शेषरावकाका हसले.

"चंद्रभान, मले समजते. तू माही परीक्षा घेऊन राहिला."

"परीक्षा नाही बावा."

"पाहून राहिला का शेषरावचा विश्वास किती पक्का हाय. मोठ्या मोठ्यांची परीक्षा झाली, माही काहून होनार नाही?"

"अरे, ह्या गोळ्या माह्या हायत."

"मंग काय इतके वर्ष मंडळीसमोर खोटं बोलला तू? तू?" शेषरावकाकांनी ढोलकी बाजूला ठेवली. "म्हाताऱ्या कोंबडीले म्हातारी म्हननारा मानूस?"

मी एवढं खरं बोलणारा माणूस दुसरा पाहिला नव्हता, आणि नेमकं त्यामुळेच त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

प्रणाली उठून आली. तिने पाकीट हातात घेतलं, मागची बाजू वाचली.

"बाबा, ह्या माझ्याच गोळ्या आहेत. म्हणजे, मी घेत होते त्याच."

"तू चूप बस," शेषरावकाका म्हणाले. "पट्टी कशाची हाय थे सांग आधी."

"पायरीवरून पडले."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही बोलले नाही. काकांनी दोघींकडे पाहिलं.

"डॉक्टरनं मले सांगतलं होतं," ते शेषरावकाकांना म्हणाले, "एकदम बंद केली तं एखादी फिट अशी येते का थांबतच नाही. पोट्टी जाईन तुही."

"चहा घे," शेषरावकाका म्हणाले. "अन् मले भेव दाखवू नोको."

काकांनी चहा घेतला नाही.

परतताना रस्त्यावर दिवे लागले होते. मी विचारलं, "का?"

"पहिल्या वर्षी म्या एवढंच म्हटलं, प्रभूनं मले बरं केलं. गोळीचं कोनी इचारलं नाही. म्या सांगतलं नाही. तवा थे खोटं नव्हतं. मंग अकोल्याले मोठी सभा झाली. मले स्टेजवर बोलावलं. बाहेरगावचा प्रचारक होता. त्यानं माहा हात धरून वर केला. लोकायले म्हने, 'एकही गोळी न घेता! बरोबर ना भाऊ?' अन् माइक माह्या तोंडासमोर धरला."

"मग?"

"म्या हो म्हटलं. एकच शब्द."

त्यानंतर मंडळीने तो शब्द उचलला. पुढच्या सणाला काका साक्षीला उभे राहिले तेव्हा लोक ते वाक्य ऐकायची वाट पाहत होते. काकांनी ते म्हटलं. मग दर वर्षी म्हटलं.

"गोळ्या कुठून आणता? इथल्या मेडिकलवाल्याला तर कळलं असतं."

"अकोल्याहून. सामान आनाले जातो म्हनतो. अन् सामान आनतोच बरं. एखादं नोझल तरी आनतो. खोटं व्हाले नोको म्हनून."

ते हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत.

"आता तुम्ही त्यांना सांगितलं. ते ऐकत नाहीत, त्याला तुम्ही काय करणार?"

"घरात सांगतलं. थे खोटं त्यानं आयकलं चर्चमध्ये. जेथून आयकलं तेथूनच त्याले आयकू येईन."

शनिवारी ते पाळकसाहेबांकडे जाऊन आले. दुपारी पाळकसाहेब स्वतः दुकानात आले. मी स्टुलावरून उठले, पण ते बसले नाहीत.

"चंद्रभानभाऊ, सण होऊ द्या. मग शेषरावला घेऊन आपण तिघं बसू. उद्या अकोल्याचे पाहुणे आहेत. लोकांचा विश्वास डळमळेल."

"माह्यावरचा डळमळन साहेब. थो डळमळलाच पायजे."

"आपण प्रार्थना तर केलीच होती ना?"

"केली होती. नाही केली असं म्या कुठं म्हनून राहिलो?"

"मग नुसतं तेवढंच सांगा."

"तेवढंच सांगतलं होतं साहेब, पहिल्या वर्षी. तेथूनच सुरू झालं थे."

पाळकसाहेबांनी टेबलावरचा एक वायसर उचलला, बोटात फिरवला, परत ठेवला. मग ते गेले.

रविवारी सकाळी मी काकांच्या घरावरून गेले. माणिककाकू, त्यांच्या पत्नी, डोक्यावर पदर घेऊन दारात उभ्या होत्या. हातात पाण्याची बाटली आणि अर्पणाचा भोपळा. काकांना कुलूप सापडत नव्हतं.

"आता बाया मले इचारतीन, तुले माहीत होतं काय?" काकू म्हणाल्या. "मी काय सांगू?"

"हो म्हन."

"हो म्हन म्हने! तुमच्या एका हो-पायी आज हे झालं, आता मले बी एक देऊन राहिले."

"हा खरा हाय."

"इतके वर्ष म्या तोंड शिवून बसली," काकू मला म्हणाल्या. "स्वयंपाकात मीठ कमी असलं तं हा मानूस पाहुण्यायसमोर सांगते. अन् मले म्हने, गोळीचं बोलू नोको."

काकांना कुलूप सापडलं. त्यांनी भोपळा काकूंच्या हातून घेतला.

चर्च भरलं होतं. वेदीसमोर ज्वारीची कणसं, कापूस, केळी, आणि टोपलीखाली दोन कोंबड्या. प्रणाली पहिल्या बाकावर होती, नवा ड्रेस घालून. भुवईवरची पट्टी काढलेली होती. खरचटलेलं दिसत होतं. शेषरावकाकांनी ढोलकी जवळ ओढून ठेवली होती. मुलीची साक्ष झाली की गीत सुरू करायचं होतं.

साक्षीची वेळ आली. पाळकसाहेबांनी नाव घ्यायच्या आधीच काका उभे राहिले. लोक सावरून बसले. त्यांना ती साक्ष हवीच होती.

काकांनी डबा बाहेर काढला.

"मी दर वर्षी सांगतो का एकही गोळी न घेता बरा झालो. थे खोटं हाय. म्या गोळी घेतो. तवापासून रोज. हे पाहा." त्यांनी पाकीट वर केलं, बोली पुकारताना वस्तू वर करतात तसंच. "सकाळची राहिली हाय. येथंच घेतो. माणिक, पानी दे."

माणिककाकू बायकांच्या रांगेतून उठल्या. सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून चालत गेल्या आणि बाटली दिली. काकांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, बाटली परत दिली.

हालेलुया कोणी म्हटलं नाही. टोपलीखाली कोंबडी फडफडली.

मागून एक जण म्हणाला, "मंग आमी उपास धरले थे फुकट गेले काय?"

"नाही. तुमी प्रार्थना केली, म्या गोळी घेतली. देवानं कशातून काय केलं थे मले सांगता येत नाही. मी गोळी घेतली, येवढं मले माहीत हाय. तेवढीच माही साक्ष." मग ते पहिल्या बाकाकडे वळले. "प्रणाली, तू गोळी घे. तू बंद केली थे माह्या खोट्यापायी केली. देवापायी नाही."

शेषरावकाका उभे राहिले. ढोलकी आडवी झाली.

"पोरीले माह्या पाडलं तू! पायरीवरून पडली म्हने थे. पायरीवरून नाही पडली, नाही का?"

प्रणाली रडायला लागली होती.

"नाही," काका म्हणाले. "फिट आली. स्टँडवर. हो, म्या पाडलं."

शेषरावकाकांनी मुलीचा हात धरला आणि बाहेर गेले. तिची आई मागोमाग गेली. पुढचं गीत ढोलकीशिवाय झालं. ओढत ओढत झालं.

हर्रास त्या दिवशी मंडळीच्या सेक्रेटरींनी पुकारला. "ही छान, ताजीतवानी कोंबडी," ते म्हणाले. ती कोंबडी पाळकांच्या घरची होती. कोणी हसलं नाही. ती स्वस्तात गेली. काका मागे भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभे होते. त्यांच्याशी कोणी बोललं नाही. माझ्या आईनेही नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, पण मलाही काही सुचलं नाही. तीन वर्षं मी साहित्य शिकले होते.

"घरी जाय," ते म्हणाले. "तुही माय पाहून राहिली."

पुढच्या आठवड्यात वडील मंडळाची बैठक झाली. काकांना मंडळातून कमी केलं. सांगायला कोणी आलं नाही. काकांनीच जाऊन विचारलं आणि 'बरं' म्हणून परतले. मंडळीतल्या तिघाचौघांनी आपले पंप उचलून नेले. तुरीवर अळी पडली होती, त्यामुळे खेड्यांतली गिऱ्हाइकं येत राहिली. डबा आता टेबलावर उघडाच असतो. वायसर दुसरीकडे ठेवलेत.

"काय झालं काका?" एखादा शेतकरी विचारतो.

"मिरगी."

"बरी नाही होत काय?"

"दबून राहते. गोळी घेतो तवरी."

शेतकरी मान हलवतो आणि पंपाचं बोलायला लागतो.

काल मी जीपची वाट पाहत बसले होते. प्रणाली आणि शेषरावकाका स्टँडवर आले. शेषरावकाका दुकानाकडे न पाहता सरळ जीपमध्ये जाऊन बसले. प्रणाली आत आली.

"काका, आम्ही अकोल्याला डॉक्टरकडे चाललो. तुमच्या गोळ्या आणायच्या आहेत का?"

"आनाच्या हायत. थोड्याच उरल्या." काकांनी आधीचं रिकामं पाकीट तिच्या हातात दिलं. मग विचारलं, "घेऊन राहिली न?"

"सणाच्या संध्याकाळपासून. बाबांनीच काढून दिली. रडत होते."

"अन् आता?"

"आता रागात आहेत. तुमचं नाव काढू देत नाहीत."

"राहू दे. राग बरा."

बाहेर ड्रायव्हर ओरडला, "चला अकोला, निघाली, निघाली!" प्रणाली घाईने वळली.

"बस वं," काका म्हणाले. "नाही निघत अजून."

ती दुसऱ्या स्टुलावर बसली. जरा वेळाने एक कुटुंब पिशव्या घेऊन जीपकडे आलं. समोरच्या सीटवरचे दोघं उतरले आणि पानठेल्याकडे गेले. मागच्या सीटवर शेषरावकाका एकटेच बसून होते. ते आता दुकानाकडे पाहत होते.

"ऊन हाय. बापाले बोलाव आत," काका म्हणाले.

"नाही येणार ते."

"बोलाव तं."

ती गेली. खिडकीपाशी उभी राहून बोलली. शेषरावकाकांनी नकाराची मान हलवली. मग तिच्या हातातलं रिकामं पाकीट घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"इचार त्याले," ते मुलीला म्हणाले. आवाज रस्ता ओलांडून आमच्यापर्यंत यावा इतका मोठा होता. "एका महिन्याच्या आनू का दोन?"

"एका," काका बसल्या जागेवरून म्हणाले. "दोनाचे पैसे नाहीत आता."